स्पर्धेत उतरावे का?

'संगीत म्हणजे काही धावण्याची शर्यत नाही. मग त्यात स्पर्धा कशाला?' असे काही जण म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. तरीही तुम्ही व्हायोलिन शिकत असाल, तर स्पर्धेत जरूर भाग घ्या, असे मला वाटते.

व्हायोलिनवर सतारीसारखे पडदे नसतात. बोट केसभर सरकले तरी सूर बिघडतो. घरी वाजवताना अशी चूक आपण सोडून देतो. स्पर्धेची तारीख ठरली, की तीच जागा आपण शंभर वेळा घोटतो. बक्षीस एकालाच मिळते; पण हा रियाज प्रत्येकाजवळ राहतो.

ब्रिटनमध्ये बीबीसीने १९७८ साली तरुण वादकांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. २००४ साली निकोला बेनेडेट्टी ही सोळा वर्षांची स्कॉटिश मुलगी व्हायोलिन वाजवून पहिली आली. त्याच अंतिम फेरीत बेंजामिन ग्रोव्हनर हा अकरा वर्षांचा मुलगा पियानो वाजवत होता. तो हरला, पण त्याने पियानो सोडला नाही. २०११ साली लंडनच्या 'प्रॉम्स' या प्रसिद्ध संगीत महोत्सवात पहिल्याच रात्री त्याचे वादन झाले. तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता.

म्हणून माझी एकच अट आहे. हरल्यावर व्हायोलिन पेटीत बंद करून ठेवणार असाल, तर स्पर्धेला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा रियाजाला बसणार असाल, तर आजच नाव नोंदवा!