भयकथा वाचा, पण भिऊ नका!

‘भुताखेतांची पुस्तके वाचून मुले बिघडतात, अंधश्रद्धा बळावते,’ असे मत आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. वाङ्मयाच्या चर्चेतही भयकथा आणि विज्ञानकथा ओटीवरच थांबतात. माजघरात त्यांना कुणी बोलावत नाही. मला मात्र नेमके उलट वाटते. पेण-रोह्याच्या या मुलुखात मुंजा, हडळ, चकवा ही नावे आजीच्या तोंडून कानी पडतात. तिथे तर ही पुस्तके आवर्जून वाचली पाहिजेत. पिंपळावरचा मुंजा ‘खरा’ म्हणून सांगितला जातो. पुस्तकातला मुंजा ‘गोष्ट’ म्हणूनच भेटतो. गोष्ट कशी रचतात हे ज्याला कळले, त्याला खऱ्याच्या नावाखाली गळ्यात बांधलेली गोष्टही ओळखू येते.

प्रारंभ नारायण धारपांपासून (१९२५–२००८) करावा. त्यांच्या ‘लुचाई’वर स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’ची छाया आहे, म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ. उसनवारी मान्य करू. पण परक्या भुताला मराठी घरात वावरायला लावणे नुसत्या शब्दकोशाने साधत नाही. २०१८ चा ‘तुंबाड’ चित्रपट ज्यांनी पाहिला, त्यांना धारपांच्या ‘आजी’ या कथेचा अंश नकळत भेटलाच आहे.

रत्नाकर मतकरींच्या (१९३८–२०२०) गूढकथेत भूत असेलच असे नाही. साधी, सभ्य दिसणारी माणसेच तिथे भय निर्माण करतात. धारपांचे भय दाराला कडी घालून बाहेर ठेवता येते. मतकरींचे आपल्याबरोबरच आत येते. ‘खेकडा’ वाचा, म्हणजे पटेल.

अद्भुताची ओढ असणाऱ्यांनी जी. ए. कुलकर्णींचे ‘रमलखुणा’ उघडावे. त्यातले प्रदेश कुठल्याच नकाशात सापडत नाहीत, पण तिथला प्रवासी आपल्या ओळखीचा निघतो.

आणि जयंत नारळीकर (१९३८–२०२५)! १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली आणि बक्षीस मिळवले. आपल्या नावाच्या दबावाने परीक्षकांनी कौल देऊ नये, ही त्यामागची वृत्ती. याच शास्त्रज्ञाने पुढे २०० मुलांच्या पत्रिका घेऊन ज्योतिषाची चाचणी केली. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ४६ टक्के, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच! कल्पनेची भरारी घेणारा माणूस भोळा असतो, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे आहे. त्यांच्या ‘यक्षांची देणगी’नंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्याकडे वळावे.

प्राध्यापकांना एक नम्र विनंती: वर्गात वर्षातून एक तास तरी या कथांवर चर्चा व्हावी. आणि मित्रहो, विषयांचा तुटवडा आपल्याला नाही. धाविर महाराजांची पालखी आणि धाटावचे रासायनिक कारखाने आपल्याकडे शेजारी शेजारी नांदतात. दिवा-रोहा गाडीत पेणहून बसले, तर रोहा येईपर्यंत एक कथा सहज वाचून होते. वाचता वाचता, यातले आपले काय, हाही विचार करा. पुढच्या वार्षिकांकात अशी एखादी कथा तुमच्यापैकी कुणीतरी लिहिलेली असावी, एवढीच अपेक्षा.