माळवद, सज्जा आणि कठडा

चैत्र लागला की सोलापुरातील घरांचा निम्मा संसार जिना चढून वर जातो. दिवसा पापड, सांडगे, कुरडया यांची वाळवणे आणि रात्री मुलांची अंथरुणे; वैशाखात पारा चाळिशीपलीकडे गेला म्हणजे वडील मंडळीही माळवदाचा अथवा गच्चीचा आश्रय करतात. संक्रांतीस श्रीसिद्धेश्वराचे सात नंदीध्वज मिरवणुकीने निघाले की वाटेवरच्या घरांचे सज्जे माणसांनी फुलून जातात. घराच्या ज्या भागावर एका वेळी इतकी माणसे जमतात, त्याची प्रकृती मात्र वर्षातून एकदाही कोणी पाहत नाही. दिवाणखान्यास हौसेने रंग देणाऱ्या गृहस्थास सज्ज्याच्या तुळईचे टोक शेवटचे केव्हा पाहिले असे विचारावे, म्हणजे आमच्या म्हणण्याची प्रचीती येईल.

लाकडी सज्ज्याचा घात बहुधा मधोमध होत नाही, भिंतीपाशी होतो. तुळईचे टोक जेथे भिंतीत शिरते तेथे पावसाचे पाणी मुरते, वारा लागत नाही, आणि वरची फळी चकचकीत असताना आतले लाकूड भुसभुशीत होऊन जाते. हा दोष केवळ जुन्या वाड्यांचा नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १६ जून २०१५ रोजी मध्यरात्रीनंतर एका इमारतीचा सज्जा वाढदिवसाच्या मेजवानीत मोडून पडला व सहा तरुण प्राणांस मुकले. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती; पाणी आत कोंडून तिच्या सज्ज्याच्या तुळया कुजल्या होत्या. पुढे २०१८ साली त्या राज्याने कायदा करून बहुकुटुंबी इमारतींतील अशा सज्ज्यांची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची केली. आपल्याकडेही महापालिकांच्या हद्दीत तीस वर्षांवरील इमारतींची अभियंत्याकडून पाहणी करून घेणे मालकावर बंधनकारक आहे. पण ही गोष्ट मालकांना नोटीस आल्यावरच कळते.

घरच्या घरी करावयाची परीक्षा सोपी आहे. जाड दाभण अथवा पेचकस घेऊन तुळईच्या टोकाशी जोराने टोचून पाहावे. निकोप लाकडात ते फारसे शिरत नाही. कुजलेल्यात लोण्यासारखे जाते. वाळवीच्या मातीच्या नळ्या, तपकिरी डाग, भिंत आणि फळी यांमध्ये पडलेली नवी फट, चालताना पावलाखाली जाणवणारा झोक, यांपैकी एकही खूण दिसली तर सज्ज्याचे दार बंद करून कुलूप घालावे आणि मग सुताराकडे जावे. आधी सुतार शोधून मग कुलूप शोधू नये.

माळवदाचा प्रश्न निराळा, तो ओझ्याचा आहे. गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी मातीचा नवा थर चढवितात. जुना कोणी उतरवीत नाही. एक घनफूट माती सुमारे पन्नास किलो धरली, तरी दहा फूट लांब व बारा फूट रुंद खोलीवर फूटभर जाडीचा थर म्हणजे सहा हजार किलो, आणि भिजल्यावर त्याहून अधिक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारी व सास्तूर परिसरात भूकंप झाला आणि साडेसात हजारांहून अधिक माणसे दगावली. जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीची जड माळवदे, यांखाली बहुतेकांचा अंत झाला. ती घरे आपल्या घरांसारखीच होती. माळवद पाडून टाका असे आम्ही म्हणत नाही. उन्हाळ्यात त्याच्याइतकी थंड खोली सिमेंटच्या घरात मिळत नाही. परंतु जुनी माती उतरवून थर पातळ करणे आणि पन्हळी मोकळ्या ठेवणे हे तरी व्हावे. आणि रोज नळ न येणाऱ्या या गावात जो तो वर टाकी बसवितो, त्या हजार लिटरच्या टाकीचे ओझे हजार किलो असते. ती जुन्या माळवदाच्या मधोमध कदापि ठेवू नये.

सिमेंटच्या सज्ज्यावर तरी निर्धास्त असावे काय? बाहेर झुकलेल्या सज्ज्यात मुख्य सळया वरच्या अंगास असाव्या लागतात. काम चालू असता मजुरांच्या पायांखाली त्या दबल्या, तर सज्जा दिसण्यात साजरा पण कमकुवत होतो. भिंतीलगत वरच्या बाजूस लांबट भेग दिसली तर गिलावा करून ती झाकू नये, अभियंत्यास दाखवावी. भारतीय मानकात राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार धरतात, तर सज्ज्यासाठी किमान तीनशे. सज्ज्यावर गर्दी होते हे मानक लिहिणारांनी जाणले होते.

कठड्याविषयी थोडेच सांगावयाचे आहे. तो निदान एक मीटर, म्हणजे सव्वातीन फूट, असावा. जुन्या लादीवर नवी लादी बसविली की जमीन वर येते व कठडा तितकाच ठेंगणा होतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. गजांमधील अंतर चार इंचांहून कमी असावे. आडवे गज मुलांना शिडीसारखे होतात, म्हणून उभेच बरे. कठड्याजवळ ठेवलेली कुंडी किंवा स्टूल हीही शिडीच. वाळवणाच्या दिवसांत माळवदावरचा उजेडाचा झरोका चादरीखाली झाकला जातो, तोही सांभाळावा.

हे सर्व ठाऊक असूनही दुरुस्ती होत नाही, याचे खरे कारण लाकडात नाही. वाडा तिघा भावांचा, वाटणी व्हावयाची आहे, सज्जा समाईक; मग खर्च कोणी करावा? ज्याने केला त्याचा हक्क वाढेल अशी इतरांस भीती, आणि न करणाऱ्यास पुढे फुकट मिळेल अशी करणाऱ्यास रुखरुख. आमचे सांगणे एवढेच की, खर्च ज्याच्या हाती पैसा आहे त्याने आज करावा, पावती ठेवावी, सर्वांच्या सह्यांनिशी घरच्या वहीत तो लिहून ठेवावा, आणि वाटणीच्या वेळी वळता करून घ्यावा. तुळई वाटणीची वाट पाहत नाही. वरच्या मजल्यावर जुने भाडेकरू असतील तर त्यांनाही या बोलण्यात घ्यावे. भाडे थोडे आहे म्हणून त्यांच्या पायाखालची फळी कुजू देणे हे आम्हांस शोभत नाही.

या तपासणीस आमच्या मते आश्विन महिना उत्तम. पावसाची ओल भिंतीत अजून दिसते, दसरा-दिवाळीच्या साफसफाईसाठी शिडी बाहेर निघालेलीच असते, आणि दुरुस्ती निघाली तर संक्रांतीपर्यंत हाताशी तीन महिने राहतात.