नळाच्या पाण्याला कायदा कधी?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा हक्क बजावला. आता त्या पाण्यात काय आहे, हेही विचारायला हवे. यवतमाळ, चंद्रपूरच्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. त्याने दात पिवळे पडतात, हाडे वाकतात. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. पण नळयोजनांसाठी हे मानक ऐच्छिक; बाटलीबंद पाण्याची मानके मात्र बंधनकारक. म्हणजे विकत घेणाऱ्याला कायदा आणि हातपंपावरच्या वस्तीला नुसती सूचना!

पाणीपुरवठा राज्यसूचीतला विषय आहे. अमेरिकेत न्यू जर्सीने २०१८ मध्ये केंद्राची वाट न पाहता पीएफएनए या रसायनावर सक्तीची मर्यादा घातली. महाराष्ट्रानेही फ्लोराइड, नायट्रेटसाठी तसा कायदा करावा. मर्यादा ओलांडल्यास पर्यायी पाणी कोण, किती दिवसांत देणार, हेही त्यात हवे, अशी आमची मागणी आहे.