वहीच्या कागदाला शून्य, चित्रांच्या कागदाला १८ टक्के



स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकांचा सुळसुळाट झाल्याची तक्रार आपल्या पुरवणीत गेल्या आठवड्यात वाचली. मी त्याच सुळसुळाटातला. माझ्या जलरंगचित्रांच्या पुस्तकासाठी नुकताच आर्ट पेपर घेतला, त्यावर १८ टक्के जीएसटी भरला. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी तो १२ टक्के होता. त्याच तारखेपासून शाळेच्या वह्या आणि वह्यांचा कागद करमुक्त झाला. चांगलेच झाले. पण वहीच्या कागदावर चित्र छापता येत नाही. शाई आत मुरते, रंग मरतो. १७० जीएसएमच्या आर्ट पेपरवरसुद्धा केळीच्या कोवळ्या पानाचा पोपटी पहिल्या प्रूफला काळपट आला होता. प्रेसमधल्या मुलाने निळा उतरवून, पिवळा चढवून तो जागेवर आणला. हा कागद म्हणजे चैन नव्हे.

छापील पुस्तकावर कर नाही, असे मोठ्या तोंडाने सांगितले जाते. पण विक्रीवर करच नसल्यामुळे कागदावर भरलेले १८ टक्के वळते करून मिळत नाहीत. ते आमच्या खिशातून गेले ते गेले. प्रकाशकाकडे का जात नाही, असे विचारणाऱ्यांनी खानदेशात चित्रांची पुस्तके काढणारा प्रकाशक दाखवावा. चार रंगांच्या प्लेटांचा खर्च तीनशे प्रतींना तेवढाच आणि तीन हजारांना तेवढाच. कोण हात घालणार? राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे नवलेखक अनुदान कविता, कथा, कादंबरी, नाटक अशा साहित्यप्रकारांसाठी आहे. चित्रकाराच्या पहिल्या पुस्तकाला तिथेही जागा नाही.

स्वखर्चाने चित्रे छापणे ही हौस असेल, तर ती जुनी आहे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी स्वतः काढलेली रामायणाची चित्रे १९१६ साली पुस्तकरूपाने आणली. ते राजे होते, त्यांना परवडले. आपल्या दाराशी असलेल्या अजिंठ्याचे काय झाले तेही आठवावे. मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे लेण्यांत राबून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल यांची कबर भुसावळला आहे. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकीही कितीतरी १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. पण ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंड छापून घेतले, म्हणून ते काम आज पाहता तरी येते. लळिंगचा किल्ला, पारोळ्याचा भुईकोट, चांगदेवचा तापी-पूर्णा संगम आज जसे दिसतात तसे कुणी रंगवून ठेवले, तर ते छापून चार घरांत पोहोचायलाच हवे. छायाचित्रकार केकी मूस यांचे काम पाहायला आजही चाळीसगावला उतरावे लागते.

छापून झाल्यावरही सुटका नाही. टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केले. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट आले. पाच किलोपर्यंत शंभर रुपये, दर रास्त आहे. पण एका टपाल कार्यालयात खिडकीवरून उत्तर मिळाले, ‘हे अभ्यासाचे पुस्तक नाही, यात नुसती चित्रे आहेत.’ नियमात सांस्कृतिक पुस्तकांचा स्पष्ट उल्लेख आहे. तो नियम खिडकीपर्यंत पोहोचवणे वरिष्ठांचे काम आहे.

जळगाव, रावेर आणि धुळ्याच्या खासदारांना आणि जीएसटी परिषदेत बसणाऱ्या राज्याच्या प्रतिनिधींना माझी एकच विनंती आहे. वहीच्या कागदाला जी सूट दिली, तीच पुस्तकासाठी घेतलेल्या आर्ट पेपरला द्या.

– एक निवृत्त कलाशिक्षक, जळगाव