मोटारसायकल दाखवावी, हप्ताही दाखवावा

रविवारची सकाळ. वसाहतीच्या फाटकाशी नवी कोरी मोटारसायकल उभी आहे. हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक, मागे दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या अडकविण्याची सोय. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बनविलेले हे वाहन. भोवती पाचसहा मित्रांचे कोंडाळे जमलेले. एक जण आसनावर बसून पाहतो, दुसरा इंजिन किती सीसीचे ते विचारतो, तिसरा हळूच 'किती पडली?' असे विचारतो. मालक पेढे वाटतो आणि लडाखच्या बेताविषयी बोलू लागतो. शहरांतच काय, तालुक्याच्या गावीही हे दृश्य आता अपूर्व राहिलेले नाही.

या आनंदाकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. कष्टाने घेतलेली वस्तू चार माणसांना दाखवावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. प्रश्न दाखविण्याचा नाही. दाखविताना काय झाकले जाते, याचा आहे.

एके काळी आपल्या देशात वाहन मिळणे हीच मोठी गोष्ट होती. बुलेट मोटारसायकलची जुळणी मद्रास येथे १९५५ मध्ये सुरू झाली. पण तिचा दिमाख मुख्यतः लष्कराच्या आणि पोलिसांच्या दिमतीला असे. मध्यमवर्गाचे स्वप्न स्कूटरचे. उत्पादनावर परवान्यांचे बंधन असल्यामुळे नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ही व्यवस्था चांगली होती, असे कोणीही म्हणणार नाही. तीतून टंचाई आली, काळाबाजार आला. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम असा, की वाहन दारी येईपर्यंत कुटुंबाला पैसा साठविण्यास अवधी मिळे. १९८० नंतरच्या दशकात परदेशी सहकार्याने निघालेल्या मोटारसायकली आणि १९९१ चे उदारीकरण यांनी ती रांग मोडली, हे योग्यच झाले. मात्र रांगेबरोबर तो अवधीही संपला. त्याची जागा कर्जाने घेतली. पूर्वी आधी बचत आणि मग वस्तू असा क्रम होता. आता आधी वस्तू आणि मग हप्ते असा झाला आहे.

थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली होती. पुढे १९४९ मध्ये जेम्स ड्यूसेनबेरी यांनी दाखवून दिले, की माणसाचा खर्च केवळ त्याच्या उत्पन्नावर ठरत नाही. भोवतालची माणसे कशी राहतात, यावरही तो ठरतो. पाठ्यपुस्तकांत यालाच 'प्रदर्शन परिणाम' म्हणतात. फाटकाशी जमलेले कोंडाळे हा त्या प्रकरणाचा जिवंत नमुना होय.

आता हिशेब पाहावा. समजा, अडीच लाख रुपयांचे कर्ज दसादशे दहा टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी काढले. दरमहा हप्ता आठ हजारांहून थोडा अधिक बसतो आणि एकूण व्याज सुमारे चाळीस हजार रुपये होते. याखेरीज पेट्रोल, टायर, दुरुस्ती, चांगले हेल्मेट. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस पाच वर्षांचा त्रयस्थ विमा सक्तीचा आहे. तो दुसऱ्याचे नुकसान भरून देतो, आपल्या वाहनाचे नाही. त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर वस्तू व सेवा कर १८ टक्के, तर त्याहून मोठ्यांवर ४० टक्के आहे. म्हणजे सरकारने मोठी मोटारसायकल चैनीच्या पंक्तीत बसविली आहे. गंमत अशी, की व्हेब्लेनच्या तर्कानुसार वाढलेली किंमतच तिची प्रतिष्ठा वाढवू शकते!

यांपैकी कोंडाळ्यातील मित्रांना काय दिसते? चकाकती टाकी दिसते, इंजिनाचा घुमारा ऐकू येतो. हप्ता दिसत नाही. महिनाअखेरीस घरात होणारी कुजबुज ऐकू येत नाही. आणि पाहणारे सारे एका उत्पन्नाचे नसतात. एकाची नोकरी कायम असते. दुसरा महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत असतो आणि त्याचे मानधन वेळेवर येईल याची शाश्वती नसते. तिसऱ्याच्या बहिणीचे शिक्षण चालू असते. पहिल्याला झेपणारा हप्ता उरलेल्या दोघांचे कंबरडे मोडू शकतो. तरीही मनात विचार येतो तो एकच: 'त्याला जमले, मग मला का नाही?' अर्धवट माहितीवर घेतलेला निर्णय बाजारात जसा घातक, तसाच मैत्रीतही.

प्रौढ माणसाने आपल्या पैशाचे काय करावे, हे इतरांनी सांगू नये, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो रास्त आहे. ज्याला हप्ता झेपतो, त्याने मोटारसायकल जरूर घ्यावी, मित्रांनाही अगत्याने दाखवावी. परंतु 'किती पडली?' या प्रश्नाला दुकानातील किंमत सांगून थांबू नये. कर्ज किती, हप्ता किती, तो किती महिने चालणार आणि त्यासाठी घरातील कोणता खर्च मागे ठेवावा लागला, हेही सांगावे. ऋण काढून सण करणारा निदान ऋण लपवीत नाही, एवढी सचोटी मित्रांमध्ये असावयास हरकत नाही. असे खरे उत्तर एखाद्या तरुणाला आणखी दोन वर्षे बचत करावयास लावील, किंवा लहान इंजिनाच्या वाहनावर समाधान मानावयास शिकवील.

आणखी एक गोष्ट. लांब पल्ल्याची मोटारसायकल फाटकाशी उभी राहण्यासाठी बनविलेली नसते. हप्त्याच्या ओझ्यामुळे रजा घेणे आणि पेट्रोल भरणे परवडेनासे झाले, तर लडाख दूरच, महाबळेश्वरही दूर पडते. मग घर ते कचेरी एवढ्याच वाटेवर ती धावते आणि मालकाजवळ दाखविण्यापुरते सुख उरते. झेंडूचा हार दोन दिवसांत सुकतो, हप्त्याचे छत्तीस महिने मात्र उरतात.