चाळीस टक्के ठरवण्याआधी

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्या परिषदेचे सदस्य,
कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव



मी धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातली. २०१९ मध्ये बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. सुरुवातीला वर्ग, मार्च २०२० पासून मोबाइल, तिसऱ्या वर्षी पुन्हा वर्ग. दोन्ही तऱ्हांनी शिकलेली आमची तुकडी आहे, म्हणून हे पत्र.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र अध्यापनाचा मसुदा काढला. अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता येईल, असं त्यात सुचवलं होतं. ही वरची मर्यादा आहे, ती गाठलीच पाहिजे असं नाही. आणि ऑनलाइन काय न्यायचं, यावरच सगळं अवलंबून आहे.

दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली, की आमच्याकडची कितीतरी मुलं वर्गात दिसत नाहीत. मजूर परवडत नाहीत, घरचेच हात लागतात. लॉकडाउनमध्ये आमच्या एका सरांनी तास मराठीतून रेकॉर्ड करून, छोटे छोटे तुकडे पाडून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. वेचणीहून आल्यावर रात्री मी ते ऐकायचे, अडलं की मागे नेऊन पुन्हा ऐकायचे. थर्मोडायनॅमिक्स मला त्यातूनच कळलं. भरल्या वर्गात ‘सर, परत सांगा’ म्हणायची माझी हिंमत झाली नसती. हे शिक्षण मला हवंच आहे.

लाइव्ह तासांचं तसं नव्हतं. घरात स्मार्टफोन एकच, तो सकाळी वडिलांबरोबर शेतात. मिळाला तर रेंजसाठी धाब्यावर चढायचं, तीही मध्येच जायची. हजेरी लागायची, डोक्यात काही शिरायचं नाही.

प्रयोगांचे तर नुसते व्हिडिओ पाहिले. टायट्रेशनमध्ये रंग पालटायच्या क्षणी बुरेटची तोटी किती वळवायची, हे हाताला शिकावं लागतं. एक थेंब जास्त पडला की वाचन वाया. तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत आलो तेव्हा आमच्यातल्या अनेकांना पिपेटही नीट धरता येत नव्हती.

मुलींबद्दल मात्र मला जास्त कळकळीने सांगायचं आहे. कॉलेज म्हणजे आम्हाला एसटीचा पास, ग्रंथालय, मैत्रिणी, घराबाहेरचे हक्काचे तास. घरी बसून तास ऐकणारी मुलगी घरच्यांना रिकामीच दिसते. पाणी भर, भाकरी टाक, धाकट्याला सांभाळ. त्या काळात काहींची लग्नं ठरली आणि त्या वर्गात परतल्याच नाहीत. आठवड्यातले दोन-तीन दिवस ऑनलाइन झाले, तर ‘एवढ्यासाठी पास कशाला?’ हा प्रश्न गावागावांत विचारला जाईल.

म्हणून विनंती आहे, की समजावून सांगायचा भाग रेकॉर्ड करून द्या, मराठीत, कॉलेजच्या वायफायवर उतरवून घेता येईल असा. लाइव्ह तासांची सक्ती नको. प्रात्यक्षिकांना हात लावू नका, आणि रेकॉर्डिंगमुळे वाचलेले तास शंका विचारायला वर्गातच ठेवा, म्हणजे कॉलेजचे दिवस कमी होणार नाहीत.

ऑनलाइनचा वाटा ठरवण्याआधी शिरपूर, साक्री, चोपडा, यावलच्या मुलामुलींना विचारा, घरात फोन किती आणि दुपारी तो कोणाकडे असतो. नोव्हेंबरमध्ये विचारा, वेचणी चालू असताना, आणि त्या दिवशी वर्गात नसलेल्यांपर्यंतही पोहोचा.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी