दाखला दिला एका हातात, वाचला यंत्राने

चाकण, म्हाळुंगे, भोसरी, तळवडे या पट्ट्यात काम शोधणाऱ्या तरुणाचा अर्ज आता कागदावर राहिलेला नाही. 'बायोडाटा, आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला पीडीएफ करून पाठवा' असा निरोप मोबाईलवर येतो आणि तो सगळे जोडून पाठवून देतो. नोकरीच्या व्हॉट्सअॅप आणि टेलिग्राम ग्रुपवर तर अशी कागदपत्रे अनोळखी लोकांसमोर पडतात. ती पुढे कोण उतरवून घेतो, हे आपण विचारत नाही. आता विचारावे लागेल.

कारण बाजारात 'एआय एजंट' आले आहेत. हे केवळ प्रश्नाला उत्तर देणारे चॅटबॉट नव्हेत. त्यांना हत्यारे जोडता येतात आणि त्यातले एक साधे हत्यार म्हणजे जोडलेल्या फायली आपोआप डाऊनलोड करणे. एजंट संदेश उघडतो, फायली उतरवतो, स्कॅन केलेला मराठी मजकूर वाचतो आणि नाव, वय, गाव, धर्म, जात असा तक्ता करून ठेवतो. पूर्वी हजार अर्जांतले दाखले उघडून पाहायला कारकुनाला दिवस लागत, म्हणून बहुतेक दाखले कोणी वाचतच नसे. त्या कंटाळ्याने आपल्याला काही प्रमाणात झाकले होते. ते झाकण आता निघाले आहे.

आपल्यासाठी हा प्रश्न अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म आणि जातीचा रकाना असतो. जन्मतारखेचा पुरावा म्हणून दिलेला कागद 'बौद्ध' किंवा 'हिंदू महार' ही ओळखही सांगून टाकतो. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ सालचा अभ्यास आठवावा. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले, फरक फक्त नावाचा होता. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक-तृतीयांशाने कमी निघाली. तिथे तर केवळ आडनाव दिसत होते. इथे शाळेच्या शिक्क्यासह जात पोहोचते.

कायदा काय म्हणतो? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. २०१८ च्या न्या. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात जात आणि धर्म ही 'संवेदनशील' माहिती मानली होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो वर्गच उरला नाही. जात आणि मोबाईल नंबर कायद्यापुढे एकाच तराजूत आले. दुसरी मेख अशी, की आपण स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे खुल्या ग्रुपवर टाकलेल्या दाखल्याचे संरक्षण आपल्याच हाताने जाऊ शकते.

तरीही या कायद्यात धरण्यासारखे काही आहे. संमती ठरावीक हेतूपुरती आणि त्या हेतूला आवश्यक माहितीपुरतीच असते. माहिती घेण्याची सूचना मराठीतून मागता येते. काम संपल्यावर माहिती खोडून टाकण्याची मागणी करता येते. सुरक्षिततेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. तोवर आपली सावधगिरी आपणच घ्यायची आहे.

खासगी कारखान्यात आरक्षण नाही. मग कंत्राटदाराला जात कशाला हवी, हा प्रश्न प्रत्येक उमेदवाराने विचारला पाहिजे. जन्मतारखेसाठी दाखल्याऐवजी दहावीचे बोर्ड प्रमाणपत्र किंवा पॅन चालते का, ते पाहावे. आधार द्यायचेच तर शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार द्यावे. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र शिष्यवृत्ती, प्रवेश, सरकारी भरती यांसाठीच वापरावे आणि कोणत्याही ग्रुपवर टाकू नये.

हत्यार मात्र दोन्ही बाजूंनी चालते. शासन निर्णय, शिष्यवृत्तीची परिपत्रके, भरतीच्या जाहिराती रोज पीडीएफमध्ये निघतात आणि मुदत संपल्यावर आपल्या मुलांना कळतात. हिंजवडी, तळवड्याच्या आयटी कंपन्यांत आपली मुले-मुली आहेत. हाच एजंट लावून हे सार्वजनिक कागद उतरवायचे आणि वस्तीला सोप्या मराठीत पोहोचवायचे, हे काम ती सहज करू शकतात. त्यात कोणाच्या खासगी माहितीला हात लावावा लागत नाही.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी याच परिसरात, देहूरोडला, बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आज गावोगावच्या विहारांत रविवारी वंदनेनंतर तासभर कागदपत्रांचे मार्गदर्शन सुरू करता येईल. कोणता कागद कोणाला द्यायचा, कोणता नाही, एवढे समजले तरी पुष्कळ अर्ज जातीच्या तक्त्यात जाण्यापासून वाचतील. शिकलेल्यांनी पुढे यावे. जय भीम, नमो बुद्धाय.